किल्ली कुणाकडे? विद्यापीठांच्या आवारातली संग्रहालयं आणि आपण



या व्याख्यानमालेत आजवर बहुतेक वक्ते पुस्तकांवर बोलले. आमच्या वाट्याला आलेला विषय ऐकायला सहलीचा वाटतो: विद्यापीठांच्या आवारातली संग्रहालयं आणि बघण्यासारख्या जागा. निमंत्रण आलं तेव्हा आमच्यातलेच एक जण म्हणाले, यावर समीक्षा काय करायची? आत जायचं, बघायचं, बाहेर येऊन चहा घ्यायचा. आम्हालाही आधी तसंच वाटलं. मग वर्षभर जमेल तसं हिंडलो, आणि लक्षात आलं की संग्रहालय हीसुद्धा एक संहिताच आहे. तिला लेखक असतो, आणि त्या लेखकानं मनात कुणीतरी वाचक धरलेला असतो. कविता कुणाला उद्देशून आहे हे आपण विचारतो ना? तसं हे दालन कुणाला उद्देशून मांडलंय, एवढा एकच प्रश्न आम्ही सगळीकडे सोबत नेला.

‘आम्ही’ म्हणजे कोण तेही सांगून टाकतो. आम्ही चौघं. दोघं नांदेडची, दोघं लातूरची. एक निवृत्त ग्रंथपाल, दोन शिक्षिका आणि एक बँकेत नोकरी करणारा. पुरातत्त्व शिकलेलं आमच्यात कुणीही नाही. तेव्हा आजचं बोलणं प्रेक्षकांच्या बाकावरून आहे, हे आधीच कबूल.

सुरुवात एका फजितीपासून करतो. एका विद्यापीठाचं नाव घेत नाही, जिल्हाही सांगत नाही. तिथल्या एका विभागाचं छोटं संग्रहालय आहे असं कळलं म्हणून आम्ही रविवारी गेलो. आम्हा नोकरदारांना दुसरा वार कुठला मिळणार? फाटकावर नाव, गाव, फोन नंबर, गाडीचा नंबर, ‘कुणाला भेटायचंय’ असं सगळं लिहून घेतलं. ‘कुणाला भेटायचंय’ या रकान्यात काय लिहावं ते कळेना. संग्रहालयाला भेटायचंय, असं लिहिलं. रखवालदार हसला, पण सोडलं. आत गेलो तर दाराला कुलूप. किल्ली मॅडमकडे असते, मॅडम सोमवारी येतात, असं कळलं. व्हरांड्यात एक मोठा रंगीत फलक होता, त्यावर तपासणीला आलेल्या समितीचे फोटो. समितीतले पाहुणे काचेच्या कपाटाकडे बोट दाखवतायत, प्राध्यापक मंडळी मागं हात बांधून उभी. आम्ही त्या दिवशी संग्रहालयाचे फोटो बघून परत आलो.

दोष कुणा एकाचा नाही, हे आम्हालाही कळतं. विभागातल्या जागा रिकाम्या, अभिरक्षक म्हणून वेगळा माणूस नाही, शिपाई एक आणि खोल्या सहा. एखादी मूर्ती चोरीला गेली तर जबाब त्या मॅडमनाच द्यावा लागणार. किल्ली त्यांनी पर्समध्ये ठेवली तर त्यांचं काय चुकलं? पण व्हरांड्यातला तो फलक आमच्या डोक्यातून जाईना. दालन उघडलं गेलं होतं, झाडलं गेलं होतं, दिवे लागले होते, ते कुणासाठी, हे त्या फोटोत स्पष्ट दिसत होतं.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा रजा टाकून, मंगळवारी गेलो. या वेळी आमच्यातल्या एकीची आई सोबत होती. त्या कंधार तालुक्यातल्या एका खेड्यातल्या, वय सत्तरीच्या पुढं, शाळा दुसरीपर्यंत. त्यांच्या लेकीनं इतकी वर्षं कॉलेजात काढली, पण त्यांनी विद्यापीठ म्हणून काय असतं ते आतून कधी पाहिलेलं नव्हतं. पदवीदान समारंभालाही त्या आल्या नव्हत्या, कारण तेव्हा सोयाबीनची काढणी होती.

पहिल्या खोलीत दगडी शिल्पं. एका तुकड्यासमोर आम्ही बराच वेळ उभे राहिलो. कमरेपासून वरचं स्त्रीशिल्प, एक हात मोडलेला, नाक झिजलेलं. खालच्या पाटीवर चार शब्द: शिल्पखंड, पाषाण, अंदाजे अकरावे-बारावे शतक. (शब्द मोजत बसू नका, आशय तेवढाच.) कवितेच्या ओळीसारखी ती पाटी आम्ही पुन्हा पुन्हा वाचली. शिल्पखंड आहे हे दिसतंच. पाषाण आहे हेही दिसतं. शतक ‘अंदाजे’. म्हणजे ज्याला आधीच सगळं माहीत आहे त्याच्यापुढं ही पाटी मान डोलावते, आणि ज्याला काही माहीत नाही त्याला काहीच सांगत नाही.

आणि जे सांगायला हवं होतं ते दगडावरच होतं. कानामागं आणि मोडक्या खांद्याच्या खोबणीत शेंदूर होता. घासून काढलेला, तरी राहिलेला. म्हणजे ही बाई इथं यायच्या आधी कुठल्यातरी गावात देवी होती. कुठल्यातरी पारावर, लिंबाखाली, तिला मंगळवारी-शुक्रवारी तेल घातलं जात होतं. गावानं तिला काहीतरी नाव दिलं असणार. मग ती इथं कशी आली? रस्ता रुंद करताना निघाली? सरपंचानं दिली? रात्री ट्रॅक्टरवर घालून आणली, की गावानं नारळ फोडून पाठवणी केली? तिच्या जागी आता तिथं काय आहे? आमच्या मते त्या शिल्पाचं निम्मं चरित्र त्या शेंदरात आहे, आणि पाटीनं ते पुसून टाकलं. मराठवाड्यात अशी मोडकी शिल्पं नसलेलं गाव शोधून सापडायचं नाही. देगलूर तालुक्यातल्या होट्टलला चालुक्यकालीन मंदिरं आहेत, निलंग्याला नीलकंठेश्वर आहे, औसा तालुक्यात खरोशाची लेणी आहेत. कंधारजवळ मानसपुरीला क्षेत्रपालाच्या एका महाकाय मूर्तीचे नुसते तुकडे आहेत, पावलांच्या मापावरून अभ्यासक तिची उंची पन्नास फुटांच्या पुढं नेतात. या सगळ्या प्रदेशातून येणारा प्रेक्षक दगड ओळखतो हो. त्याला शतक माहीत नसतं, पण शेंदूर माहीत असतो. पाटी लिहिणाऱ्यानं त्याच्या या माहितीला हात घातला असता तर तिथून पुढं त्याला चालुक्यांपर्यंत नेता आलं असतं.

दुसऱ्या खोलीत ‘लोकजीवन दालन’. तिथं आई थांबल्या. भिंतीला टेकवून एक तिफण उभी केलेली होती, पाटीवर ‘तिफण – शेतीचे पारंपरिक अवजार’. आईंनी तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाल्या, “चाडं कुठाय हिचं?” आम्ही एकमेकांकडे बघितलं. त्या म्हणाल्या, “चाडं न्हाई, नळ्या न्हाईत. पेरायचं कसं ह्येच्यानं?” आणि दांडीला हात लावला. कोपऱ्यातल्या रखवालदारानं हटकलं, “मावशी, हात लावू नका.” मग तोच जवळ आला आणि म्हणाला, “पण बराबर बोललाव मावशी तुम्ही. आमच्या घरी चाडं बाभळीचं होतं.”

पुढचा अर्धा तास त्या दोघांचा. श्रोत्यांत तरुण मंडळी आहेत म्हणून सांगतो: चाडं म्हणजे तिफणीवर बसवलेली लाकडी वाटी. तिच्यातल्या भोकांतून बी नळ्यांत उतरतं आणि नळ्यांतून तीन तासांत पडतं. चाड्यावर मूठ धरणारा माणूस लागतो, आणि सगळी पेरणी त्या मुठीवर असते. बी एकसारखं सुटलं पाहिजे, दाट नको, पातळ नको. आई सांगत होत्या की त्यांच्या माहेरी मूठ बाईच धरायची, आणि नवीन सून आली की तिची मूठ कशी पडते ते भावकी बांधावर उभी राहून बघायची. रखवालदार सांगत होता की त्याच्या बापानं ट्रॅक्टर आल्यावर तिफण फोडून जळणाला घातली. आम्ही चौघं गप्प ऐकत होतो. त्या दालनात त्या दिवशी पहिल्यांदा काहीतरी प्रदर्शित झालं, असं आम्हाला वाटलं. मंगळवार असल्यानं मॅडमही होत्या. त्या मधेच येऊन उभ्या राहिल्या, वही काढून दोन-चार शब्द टिपून घेतले. चांगल्या बाई होत्या. पण अशी माहिती नोंदवून घ्यायला संग्रहालयात काही पद्धत आहे का, असं विचारलं तर त्यांनी मान हलवली.

आता थोडं दूर जाऊ. इंग्लंडात ऑक्सफर्डला अ‍ॅशमोलियन म्हणून संग्रहालय आहे. विद्यापीठानं चालवलेलं आणि लोकांना खुलं असलेलं, १६८३ सालचं. १७१० मध्ये उफेनबाख नावाचा एक विद्वान जर्मन प्रवासी तिथं गेला आणि वैतागला. तो गेला त्या दिवशी गावात बाजार होता, आणि बाजाराला आलेली खेड्यापाड्यांतली माणसं, बाया-बाप्ये, वर चढून संग्रहालय बघत होती. थोडे पैसे दिले की बायकांनाही आत सोडतात, आणि त्या सगळ्याला हात लावत फिरतात, अशी तक्रार त्यानं आपल्या प्रवासवर्णनात नोंदवून ठेवली. त्याला तो त्या संस्थेचा कमीपणा वाटला. आम्हाला मात्र हे वाचताना भलताच हेवा वाटला. तीनशे वर्षांपूर्वी भाजीची पाटी रिकामी करून माणूस विद्यापीठाच्या जिन्यावरून वर जात होता, आणि त्याला ‘कुणाला भेटायचंय’ असं कुणी विचारत नव्हतं.

कुणी म्हणेल, आपल्याकडची माणसं कुठं येतात संग्रहालय बघायला? त्यांना रस नसतो. हे आम्ही प्राध्यापकांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की त्याचं उत्तर जरा सविस्तर देणं भाग आहे.

पहिलं उत्तर परभणीचं. तिथल्या कृषी विद्यापीठाची स्थापना १८ मे १९७२ची. दरवर्षी १८ मेला, खरिपाच्या तोंडावर, तिथं शेतकरी मेळावा भरतो, आणि १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, रब्बीचा. मे महिन्यातलं परभणीचं ऊन तुम्हाला सांगायला नको. तरी नांदेड, लातूर, हिंगोली, बीडकडून जीप भरभरून माणसं येतात. बियाण्याच्या पिशवीसाठी रांगा लागतात. अवजारांच्या मांडणीपुढं लोक गुडघे टेकून नट-बोल्ट बघतात. शास्त्रज्ञाला भर मंडपात उलटा प्रश्न विचारतात, की साहेब, तुमच्या शिफारशीनं आमच्या हलक्या रानात तूर का वाळली? ते विद्यापीठाचंच आवार आहे ना? तिथंही मांडलेल्या वस्तूच आहेत, पाट्याच आहेत. फरक एवढाच की ती पाटी त्या माणसाला उद्देशून लिहिलेली आहे. पेरणीचा काळ किती, एकरी बी किती, रोग कोणता लागतो. आणि वस्तू त्याच्या घरची आहे. कापसाचं ‘नांदेड-४४’ हे वाण इथल्याच संशोधन केंद्रातलं. लालकंधारी आणि देवणी या दोन गोवंशांची नावंच आपल्या तालुक्यांवरून पडलीत.

आमच्या लोकांना बघता येत नाही, असं म्हणणाऱ्यानं लोहा तालुक्यात माळेगावच्या यात्रेला जावं. बैलाचे दात बघणारा, खूर बघणारा, चाल बघणारा, मग वशिंडावर हात ठेवणारा शेतकरी बघावा. कुठल्याही कला-समीक्षकाला लाजवील असं निरीक्षण असतं ते. ही नजर काचेच्या कपाटापुढं येऊन मुकी होते, याचा दोष नजरेला कसा द्यायचा?

दुसरं उत्तर जास्त गंभीर आहे. मराठवाड्यातल्या विद्यापीठांच्या आवारात सगळ्यात जास्त बघितली जाणारी जागा कुठली? आमच्या मते छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचं प्रवेशद्वार. त्या आवारात इतिहास विभागाचं वस्तुसंग्रहालय आहे, रमेश शंकर गुप्ते यांच्यासारखा मूर्तिशास्त्राचा अभ्यासक त्या विभागाला लाभला. जवळच सोनेरी महाल आहे, मागच्या डोंगरात औरंगाबादची लेणी आहेत. बघण्यासारखं भरपूर. पण १४ जानेवारीला, नामविस्तार दिनी, माणसं लोटतात ती त्या दारापाशी. म्हाताऱ्या बाया दाराला हात लावून तो हात कपाळाला लावतात. लेकराला खांद्यावर घेऊन बाप फोटो काढून घेतो. नांदेडहून, लातूरहून रात्रभर प्रवास करून माणसं येतात आणि दार बघून परत जातात.

आम्ही तिथं एका १४ जानेवारीला उभे होतो. गर्दीतल्या कुणालाही पाटीची गरज नव्हती. जुलै १९७८ मध्ये विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे मारले गेले. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडच्या गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतलं. १४ जानेवारी १९९४ला नामविस्तार झाला. हे सगळं त्या दाराला चिकटलेलं आहे. एका नावासाठी सोळा वर्षं लढलेल्या माणसांना विद्यापीठ म्हणजे काय हे कळत नाही, असं कुणी म्हणू नये.

पण इथंही आमची एक तक्रार आहे, आणि ती आम्ही थोडी घाबरतच मांडतो. ती माणसं दाराशी येतात आणि दारावरूनच वळतात. तिथवर आलेल्या त्या बाईला आत बोलावून दालन दाखवावं, ग्रंथालयाचं वाचनकक्ष दाखवावं, जिथं तिची नात उद्या बसणार आहे ते बाक दाखवावं, हे कुठल्या विद्यापीठाच्या वेळापत्रकात असतं? आपल्या सगळ्याच विद्यापीठांना हा प्रश्न आहे. मंदिराच्या कळसाचं दर्शन घेऊन परतायची सवय ज्यांच्यावर लादली गेली होती, त्यांनाच इथंही बाहेरून हात जोडून जावं लागावं, हे आम्हाला सलतं.

आता जिथं जमलंय ते थोडक्यात सांगतो. पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुका आहे, जयंत नारळीकरांनी १९८८ साली उभी केलेली. चौकात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन, आईन्स्टाईन यांचे पुतळे. पृथ्वी फिरते हे डोळ्यांना दाखवणारा फुकोचा लंबक. ‘मुक्तांगण’ ही मुलांसाठीची विज्ञान-शोधिका पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या मदतीतून झाली. तिथं अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंतून खेळणी करून दाखवली: आगकाडी, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, रिकामी बाटली. २८ फेब्रुवारीला विज्ञानदिनी संस्था लोकांना खुली असते. आमच्या शिक्षिका मैत्रिणीनं तिथलं आगकाडी आणि व्हॉल्व्हच्या नळीचं खेळणं वर्गात करून दाखवलं आणि सांगते, की मुलं घरी जाऊन दुसऱ्या दिवशी दहा प्रकार करून आली. खगोलशास्त्रासारखा आकाशातला विषय, तरी मांडणाऱ्यानं समोर सातवीतलं पोर धरलेलं आहे हे पदोपदी जाणवतं.

कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात वि. स. खांडेकरांचं स्मृती संग्रहालय आहे. डेक्कन कॉलेजात मराठा इतिहासाचं दालन आहे, पारसनिसांनी जमवलेला संग्रह तिथं आला. दोन्ही बघावीत. पण ती पुन्हा लांबची.

जवळचं आणि आमच्या मते सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण विद्यापीठातलं नाहीच, ते तेरचं आहे. लातूरहून गाडी काढली तर सकाळी जाऊन दुपारी परत. तेर म्हणजे जुनं तगर, रोमपर्यंत व्यापार असलेलं सातवाहनकालीन शहर. तिथं पांढरीत पाऊस पडला की मणी, खापरं, मातीच्या बाहुल्या वर येतात. पांढरी म्हणजे गाव वसतं ती जागा, काळी म्हणजे रान. हा शब्द पुरातत्त्वाच्या पुस्तकांच्या कितीतरी आधीपासून आपल्या आज्यांच्या तोंडी आहे. तेरचे रामलिंगप्पा लामतुरे यांनी या वस्तू जमवल्या. त्या संग्रहातून आज त्यांच्याच नावाचं शासकीय वस्तुसंग्रहालय उभं आहे. तिथली हस्तिदंती स्त्रीमूर्ती बघायची आणि तिची सख्खी बहीण शोभेल अशी मूर्ती इटलीत पॉम्पेईला सापडली हे ऐकायचं, अंगावर काटा येतो. पण आम्हाला जास्त भिडलं ते हे की, त्या संग्रहाची पहिली किल्ली गावातल्याच माणसाच्या कमरेला होती.

आता आपल्या घरी येऊ. विष्णुपुरीचं आवार तुम्ही रोज बघता, त्यावर आम्ही तुम्हाला काय सांगणार? आम्ही दोष काढायला आलेलो नाही, मागणी घेऊन आलोय. मागणी एका वर्षाची आहे.

तारखा बघा. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक झोपलेले. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली बावन्न गावं उठवून नव्या जागी वसवावी लागली. नोव्हेंबर १९९३, नांदेडचं ते आत्मदहन. १४ जानेवारी १९९४, नामविस्तार. १७ सप्टेंबर १९९४, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना, नांदेड, लातूर, परभणी आणि त्या वेळी परभणीतच असलेल्या हिंगोलीसाठी. हे सगळं बारा महिन्यांच्या आत घडलं! या विद्यापीठाची जन्मवेळच ती आहे. ढिगारे अजून उपसले जात होते, गावागावांत तणाव होता, आणि इथं नवं विद्यापीठ सुरू होत होतं.

आम्ही चौघांनीही हे वर्ष पाहिलंय, तरी या चार तारखा एका कागदावर एकाखाली एक लिहीपर्यंत आम्हालाही ते दिसलं नव्हतं. अकराव्या शतकातल्या शिल्पखंडासाठी आपण खोली शोधतो. या वर्षासाठी कुणी खोली शोधली पाहिजे की नको?

आणि त्या खोलीत काय ठेवायचं, हे फार अवघड नाही. किल्लारी भागातल्या जुन्या घराचा एक खण उभा करा. खरा, पूर्ण मापाचा. दगड-मातीची दोन-अडीच फुटी भिंत, मधून कापून दाखवलेली, म्हणजे दिसेल की ती एक भिंत नाहीच, आतला एक थर आणि बाहेरचा एक थर, मध्ये नुसता माती-दगडांचा भराव. दोन्ही थरांना बांधणारे आडवे लांब दगड नाहीत. वर लाकडी खांबांवर तोललेलं मातीचं माळवद, दरवर्षी गळू नये म्हणून माती टाकून टाकून जड झालेलं. हे बघितलं की त्या पहाटे माणसं का मेली ते दहा वर्षांच्या पोरालाही कळेल. जमीन हलली म्हणून मेली, हे अर्धंच उत्तर आहे. भिंत पोटातून फुटली आणि माळवद अंगावर आलं. शेजारी नव्या गावातल्या घराचा आराखडा ठेवा, आणि त्या घरात राहणाऱ्या बाईचा आवाज ठेवा. ती सांगेल की ओसरी गेली, शेजार गेला, गुरं बांधायला जागा नाही, पण रात्री झोप लागते. भिंतीमागचं गणित अभियांत्रिकीची मुलं समजावून देतील, आवाज समाजशास्त्राची आणि मराठीची मुलं गोळा करतील. नामांतराच्या काळातली पत्रकं, जळालेल्या घरांचे फोटो, तुरुंगातून लिहिलेली पोस्टकार्डं अजून घरोघरी ट्रंकेत आहेत. आहेत तोवर आहेत. तेव्हा तीस वर्षांचा असलेला माणूस आज साठी ओलांडून गेला. किल्लारीच्या एका गृहस्थांना आम्ही विचारलं, कुणी तुमच्याकडून हे उतरवून घेतलंय का? म्हणाले, पहिली दोन वर्षं रोज कुणी ना कुणी यायचं, वहीत लिहून न्यायचं. त्या वह्या कुठं गेल्या, ते आता तुम्हीच शोधा.

यावर एक आक्षेप येणार, तो आमच्यातल्या ग्रंथपालांनीच घेतला होता. विद्यापीठाचा संग्रह मुळात शिकवण्यासाठी असतो, गर्दीसाठी नाही. नाणं हातात घेऊन विद्यार्थ्यानं वजन करावं, खापराची कड मोजावी, यासाठी तो असतो. त्याची जत्रा केली तर अभ्यासाचं नुकसान होईल. हा आक्षेप खरा आहे. अभ्यासाची खोली वेगळी ठेवा, तिला कुलूप लावा, आमची हरकत नाही. पण मग निदान दुसऱ्या खोलीची किल्ली रविवारी फाटकावर असू द्या. विष्णुपुरीला मोठं सरकारी रुग्णालय आहे. तिथं आपल्या चारही जिल्ह्यांतली माणसं पेशंटसोबत येतात, रिपोर्ट मिळेपर्यंत अर्धा-अर्धा दिवस झाडाखाली बसून काढतात. डब्यातली भाकरी खाऊन झाली की करायला काही नसतं. आम्हाला विचाराल तर प्रेक्षक तिथंच बसलेला आहे.

शेवटी एक निरोप पोचवायचा राहिलाय. त्या कंधार तालुक्यातल्या आई आज इथं आलेल्या नाहीत, गुडघे दुखतात. पण त्यांच्या घरी आढ्याला चाडं टांगलेलं आहे, बाभळीचं, कडेला जरा वाळवी लागलीय, बाकी शाबूत. त्या द्यायला तयार आहेत. नळ्या मिळाल्या नाहीत तर गावातल्या सुताराकडून वेळूच्या करून देतो म्हणतात. त्यांनी आम्हाला विचारून यायला सांगितलंय की पावती कोण देणार, आणि पाटीवर नाव घालणार असाल तर सासरचं घालणार की माहेरचं, कारण चाडं माहेरचं आहे.